मेड स्कूलच्या अर्जाआधी स्क्राइबचं काम: कधी धरावं, कसं करावं

अमेरिकेतल्या ज्या मराठी घरात एखादं प्री-मेड, म्हणजे मेड स्कूलची तयारी करणारं, मूल आहे, तिथे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाच्या सुमारास 'क्लिनिकल अवर्स', म्हणजे रुग्णांच्या सहवासातले तास, हा विषय मुक्कामाला येतो. अभ्यास मुलाच्या हातात असतो, एमकॅट या प्रवेश परीक्षेचा क्लास पैसे भरून लावता येतो, रिसर्चसाठी चार प्रोफेसरांना ईमेल टाकली की एखादा तरी उत्तर देतो. रुग्णांच्या जवळ जायचं कसं, हे मात्र कुणी धड सांगत नाही. मग मंडळाच्या गणपतीत एखादी काकू म्हणते, "आमची लेक स्क्राइब होती, झाली की ॲडमिशन." घरी परतताना गाडीतच फोनवर अर्ज भरायला सुरुवात होते.

मेड स्कूलच्या आधी मी हे काम, म्हणजे डॉक्टरांच्या नोंदी टाइप करायचं, केलंय. आता न्यू जर्सीत इमर्जन्सी डिपार्टमेंटची (ईडीची) डॉक्टर आहे आणि बहुतेक शिफ्टना माझ्या शेजारी एखादा स्क्राइब असतो. दोन्ही बाजूंनी बघून माझं मत असं झालंय की तास भरण्यासाठी हे काम धरण्यात अर्थ नाही, तास इतर कामांतही भरतात. पण डॉक्टर विचार कसा करतो ते दिवसभर शेजारी बसून ऐकायचे पैसे मिळणारा माणूस हॉस्पिटलात हा एकच. ते ऐकायला मिळणार असेल तर काम जरूर धरा. नसेल तर कमी पगारात टायपिंग करून हाती फारसं काही लागत नाही.

काम काय असतं

डॉक्टर रुग्णाशी बोलतात, तपासतात, ठरवतात. हे सगळं कॉम्प्युटरमधल्या नोंदीत जायला लागतं. ती नोंद डॉक्टरांच्या वतीने, त्यांच्या समोर बसून टाइप करतो तो स्क्राइब. तपासणी करायची नाही, रुग्णाला हात लावायचा नाही, सल्ला द्यायचा नाही. डॉक्टर एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेले की चाकांवरचा कॉम्प्युटर ढकलत त्यांच्या मागे जायचं. ईडीत शिफ्ट आठ ते बारा तासांची असते, दवाखान्यात ऑफिससारखी.

हे काम वाढलं त्याला कारण आहे. २००९ च्या हायटेक कायद्याने कागदी फायली सोडून इलेक्ट्रॉनिक नोंदी वापरणाऱ्या डॉक्टरांना आणि हॉस्पिटलांना केंद्र सरकारचे पैसे मिळू लागले. फायली गेल्या, पण डॉक्टर कीबोर्डला बांधले गेले. २०१६ साली 'ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन'मध्ये ५७ डॉक्टरांच्या कामाचं घड्याळ लावून केलेलं निरीक्षण छापून आलं: रुग्णासमोरच्या दर एका तासामागे जवळपास दोन तास कॉम्प्युटर आणि टेबलावरच्या कामात जातात. ते दोन तास कमी करायला तुम्हाला ठेवलेलं असतं. हे ध्यानात असलं की कामाच्या पहिल्या आठवड्यात डॉक्टर तुमच्याशी गोड का बोलत नाहीत, याचं वाईट वाटत नाही.

आधी इमिग्रेशनचं बघा

मराठी घरांत हा मुद्दा सगळ्यात उशिरा निघतो, म्हणून मी तो आधी घेते. तुम्ही नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असाल तर हा भाग सोडून पुढे जा.

एच-४ वर, म्हणजे एच-१बी धारकाच्या कुटुंबाच्या व्हिसावर, असलेल्या मुलांना नोकरी करता येत नाही. एच-४ चं वर्क परमिट ठरावीक अटींत बसणाऱ्या जोडीदाराला मिळतं, मुलांना नाही. घरच्यांची ग्रीन कार्डची शेवटची पायरी, म्हणजे आय-४८५, दाखल झाली असेल तर मुलाला त्या आधारे परमिट मागता येतं. एरवी नाही. एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, असाल तर कॅम्पसबाहेरच्या कामाला सीपीटी किंवा ओपीटी, म्हणजे शिक्षणाशी जोडलेली कामाची परवानगी, लागते, आणि काम तुमच्या विषयाशी थेट जुळणारं असावं लागतं. बायॉलॉजीच्या पदवीनंतर ओपीटीवर स्क्राइब झालेली मुलं मी पाहिली आहेत. कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसशी बोलल्याशिवाय ऑफर लेटरवर सही करू नका.

"मग फुकट करू दे की, ओळखीच्या डॉक्टरकडे!" ही सूचना हमखास येते. ज्या कामाचे इतरांना पैसे मिळतात ते काम फुकट केलं म्हणून ते स्वयंसेवा ठरत नाही, आणि व्हिसाच्या बाबतीत हा धोका पत्करण्यासारखा नाही. अशा मुलांनी हॉस्पिटलचा रीतसर स्वयंसेवक कार्यक्रम किंवा हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या आजारातल्या रुग्णांची सेवा, धरावं. शिवाय ग्रीन कार्ड नसलेल्या अर्जदारांना घेणारी मेड स्कूल्स मोजकी आहेत, आणि त्यातली काही फीची मोठी रक्कम आधीच ठेव म्हणून मागतात. हे आधी तपासा, स्क्राइबचं नंतर बघू.

कधी सुरू करायचं

एमडी स्कूल्सचा सामाईक अर्ज, म्हणजे ॲमकास, मे महिन्यात उघडतो आणि मेअखेर-जूनच्या सुरुवातीला भरता येतो. उन्हाळ्यात प्रत्येक स्कूलचे वेगळे निबंध, पुढे थंडीपर्यंत इंटरव्ह्यू, आणि प्रवेश त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात. म्हणजे अर्ज भरल्यापासून वर्गात बसेपर्यंत वर्षाहून जास्त काळ जातो.

यातून उलटं मोजा. जूनमध्ये अर्ज जाणार असेल आणि तुम्ही एप्रिलमध्ये रुजू झालात, तर लिहायला तुमच्याकडे फक्त ट्रेनिंग आहे. ॲमकासमध्ये झालेल्या तासांबरोबर पुढे होणारे तासही वेगळे दाखवता येतात हे खरं, पण पुढच्या तासांमधून आज निबंध लिहिता येत नाही. अर्जाच्या किमान एक वर्ष आधी सुरुवात करा. पदवीनंतर एक वर्ष थांबून अर्ज करणार असाल तर आणखी चांगलं, पूर्ण वेळ काम करता येईल. आई-बाबांना ते 'वाया गेलेलं वर्ष' वाटतं. इथल्या मेड स्कूलमध्ये पदवीनंतर सरळ न आलेली मुलं अजिबात दुर्मीळ नाहीत, एवढं त्यांना सांगा.

सेमिस्टर चालू असताना आठवड्याला दोन शिफ्टच्या वर जाऊ नका. ऑरगॅनिक केमिस्ट्रीतली सी ग्रेड स्क्राइबच्या हजार तासांनी पुसली जात नाही. एमकॅटच्या आधीचे दोन-तीन महिने शिफ्ट कमी करून घ्या, आणि हे नोकरी स्वीकारतानाच सांगा.

जागा शोधताना काय विचारायचं

काम दोन वाटांनी मिळतं. एक म्हणजे हॉस्पिटलांना स्क्राइब पुरवणाऱ्या कंपन्या, त्यात स्क्राइबअमेरिकाचं नाव सगळ्यात जास्त ऐकू येतं. दुसरी वाट म्हणजे थेट डॉक्टरांची प्रॅक्टिस: हाडांचे, त्वचेचे, डोळ्यांचे, हृदयाचे दवाखाने. कंपनीत शिक्षण पद्धतशीर मिळतं, पण तुम्ही अनेकांतले एक असता. छोट्या प्रॅक्टिसमध्ये शिकवायला कुणी नसतं, पण एकाच डॉक्टरबरोबर वर्षभर काम होतं. शिफारसपत्राच्या दृष्टीने हा मोठा फायदा.

पगारावर फार आशा ठेवू नका. किमान वेतनाच्या आसपास, झालंच तर थोडं वर. २०२५ मध्ये न्यू जर्सीचं किमान वेतन तासाला १५.४९ डॉलर होतं, त्यावरून अंदाज करा. हॉस्पिटलचं पार्किंग फुकट आहे का हे आधी विचारा, नाहीतर शिफ्टच्या पहिल्या तासाचा पगार त्यातच जातो.

इंटरव्ह्यूत तुम्ही विचारायचे प्रश्न: ट्रेनिंगचे तास पगारी आहेत का? किती काळ राहण्याचं बंधन आहे? आधी सोडलं तर ट्रेनिंगचा खर्च कापतात का? (हे कराराच्या आतल्या पानावर असतं. वाचा.) रात्रपाळ्या किती? आणि सगळ्यात महत्त्वाचं: मी डॉक्टरांबरोबर खोलीत असणार की दुसरीकडे बसून आवाज ऐकणार?

शेवटच्या प्रश्नावर थोडं बोलते. 'व्हर्च्युअल स्क्राइब' हा प्रकार आता सर्रास आहे. खोलीतला आवाज इंटरनेटवरून दुसरीकडे जातो आणि नोंद तिथे लिहिली जाते. नवी मुंबईत, पुण्यात, बंगळुरूत रात्र जागून अमेरिकेच्या घड्याळावर हे काम करणारी बरीच मंडळी आहेत, फार्मसी, डेंटल, आयुर्वेद, होमिओपॅथीचे पदवीधर त्यांत भरपूर. नवी मुंबईची आयकेएस हेल्थ ही याच क्षेत्रातली कंपनी डिसेंबर २०२४ मध्ये शेअर बाजारात आली. नोकरी म्हणून त्यात काही उणं नाही. पण इथल्या प्री-मेडसाठी तो दुय्यम पर्याय आहे: पोट दाबल्यावर रुग्णाचा चेहरा कसा झाला ते आवाजात येत नाही. आणि भारतात नीट देऊन एमबीबीएसला जाणार असाल तर या अनुभवाला प्रवेशात काही किंमत नाही, तिथे गुणच चालतात.

रुजू होण्याआधीचे कागद

गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, हेपेटायटिस बी यांच्या लशींची नोंद किंवा रक्तातल्या अँटिबॉडीचा रिपोर्ट लागतो. फ्लूची लस, ड्रग टेस्ट, पार्श्वभूमी तपासणी हेही आलंच.

भारतात जन्म झालेल्यांसाठी एक खास सूचना. टीबीची तपासणी त्वचेत टोचून केली तर लहानपणी घेतलेल्या बीसीजी लशीमुळे ती खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. मग छातीचा एक्स-रे, चिठ्ठ्या, आणि रुजू व्हायची तारीख पुढे. आधीच सांगून रक्ताची तपासणी मागा, क्वांटिफेरॉन म्हणतात ती. बीसीजीचा तिच्यावर परिणाम होत नाही.

टायपिंग मिनिटाला साठ शब्दांच्या आसपास हवं. त्याहून कमी असेल तर रोज वीस मिनिटं सराव करा, महिन्याभरात येतं.

पहिले काही आठवडे

आधी थोडे दिवस वर्ग किंवा ऑनलाइन धडे: शरीराच्या भागांची नावं, औषधांची नावं, संक्षेप, नोंदीची रचना, परीक्षा. मग अनुभवी स्क्राइबच्या शेजारी बसून काही शिफ्ट. या काळात बरीच मुलं गळतात, कारण पाठांतर आणि वेग दोन्ही एकदम मागितले जातात.

औषधांची पन्नास-साठ नावं आधीच घोटून ठेवा, ब्रँड आणि मूळ नाव दोन्ही. रुग्ण लॅसिक्स म्हणेल, यादीत फ्युरोसेमाइड असेल. कुमाडिन, एलिक्विस, झारेल्टो ही रक्त पातळ करणारी औषधं कानावर पडली की कान टवकारायला शिका. डोक्याला लागून आलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत या एका नावावर सीटी स्कॅनचा निर्णय फिरतो.

सॉफ्टवेअर बऱ्याच ठिकाणी एपिक असतं, काही ठिकाणी सर्नर, जे २०२२ पासून ओरॅकलचं आहे. ते दोन-तीन शिफ्टमध्ये हाताला बसतं, त्याची काळजी नको.

एक नोंद जवळून बघू

नोंदीचे भाग ठरलेले असतात: काय तक्रार, तिचा इतिहास, जुने आजार, औषधं, ॲलर्जी, तपासणी, ईडीत काय घडलं, निदानामागचा विचार, शेवटी घरी की भरती. तुमची खरी कसोटी दुसऱ्या भागात, तक्रारीच्या इतिहासात. नमुन्यादाखल एक रुग्ण घेऊ. हा काल्पनिक आहे, पण असे रोज येतात. वय ५८, रक्तदाबाची गोळी चालू. डॉक्टरांनी विचारलं, काय झालं?

"तसं काही नाही हो, बायकोने पाठवलं. रविवारी गॅरेजमधली खोकी हलवत होतो, तेव्हा इथे मध्यभागी आवळल्यासारखं झालं. बसलो, गेलं. मंगळवारी कुत्र्याला घेऊन चढावर गेलो, परत तेच. आज सकाळी जिना चढताना आलं आणि वीसेक मिनिटं गेलंच नाही. ॲसिडिटीची गोळी घेतली, काही फरक नाही. वडिलांना बासष्टाव्या वर्षी झटका आला होता. पण ते सिगारेटी ओढायचे, मी कधी शिवलो नाही."

नवा स्क्राइब लिहितो: 'चार दिवसांपासून छातीत दुखतंय.' खोटं काहीच नाही, पण वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. अनुभवी स्क्राइब लिहितो (खरी नोंद इंग्रजीत असते, आशय सांगते): 'चार दिवसांपासून अधूनमधून छातीच्या मध्यभागी आवळल्यासारखं दुखणं. श्रम केल्यावर येतं, बसल्यावर थांबतं. आज जिना चढताना सुरू झालेलं दुखणं सुमारे २० मिनिटं टिकलं, आधीच्या दोन वेळांपेक्षा जास्त. अँटासिडने फरक नाही. वडिलांना ६२ व्या वर्षी हृदयविकाराचा झटका. धूम्रपान कधीच नाही.' खोकी, कुत्रा, बायको गेली तरी चालेल. श्रम, विश्रांती आणि वाढत गेलेला काळ मात्र राहायलाच हवा, कारण त्या तिघांवर हे हृदयाचं दुखणं वाटतंय.

मग डॉक्टर प्रश्नांची फैर झाडतात. घाम आला? दम लागला? हातात, जबड्यात कळ गेली? पोटरी दुखते का, सुजली का, लांबचा विमानप्रवास केलात? दुखणं पाठीत आरपार गेल्यासारखं वाटलं? सगळ्यांना उत्तर 'नाही'. नव्या मुलांना वाटतं, 'नाही' काय लिहायचं. या प्रश्नांच्या तीन गटांत तीन आजार दडलेत: घाम, दम, हाता-जबड्यातली कळ हे हृदयाचं, पोटरी आणि विमानप्रवास हे फुप्फुसात अडकणाऱ्या रक्ताच्या गुठळीचं, पाठीत आरपार जाणं हे महारोहिणीचा, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीचा, थर फाटण्याचं. प्रत्येक 'नाही' म्हणजे डॉक्टरांनी एक भीती तपासून बाजूला ठेवली, याचा पुरावा. आपण लिहितोय त्या प्रश्नामागे कुठला आजार आहे, हे ज्या दिवशी तुम्हाला न विचारता कळायला लागेल, त्या दिवसापासून नोकरी वसूल.

आणखी थोडं पुढे जाऊ. ईसीजी नॉर्मल, ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते दाखवणारी रक्ततपासणी) नॉर्मल. मग हा माणूस घरी जाणार? ईडीत हार्ट स्कोर म्हणून एक गणित वापरतात: इतिहास, ईसीजी, वय, धोक्याचे घटक, ट्रोपोनिन, प्रत्येकी शून्य ते दोन गुण. तीनपर्यंत धोका कमी. याचं बघा: ईसीजी शून्य, ट्रोपोनिन शून्य, वय ४५ ते ६४ च्या मधलं म्हणून एक, रक्तदाब आणि वडिलांचा इतिहास मिळून एक. झाले दोन. आता इतिहासाचे दोन गुण पडले की चार, म्हणजे मधला धोका, आणि माणूस देखरेखीखाली थांबतो. गुण डॉक्टर देतात, तुम्ही नाही. पण 'चार दिवसांपासून छातीत दुखतंय' एवढंच लिहिलेलं असेल तर ते दोन गुण कुठून आले हे पुढच्या पाळीच्या डॉक्टरला कळणार नाही.

निदानामागचा विचार हा भाग अलीकडे आणखी महत्त्वाचा झालाय. पूर्वी बिलाची पातळी ठरवताना इतिहासाचे आणि तपासणीचे किती मुद्दे लिहिले ते मोजायचे. बाह्यरुग्ण भेटींसाठी २०२१ पासून आणि ईडीसाठी २०२३ पासून ती मोजणी गेली. आता ईडीत डॉक्टरांनी काय विचार केला, त्यावर पातळी ठरते. तुमच्या फायद्याची गोष्ट म्हणजे डॉक्टरांना तो विचार आता मोठ्याने बोलून दाखवावा लागतो. "दुसरं ट्रोपोनिन बघू, पण ते चांगलं आलं तरी याला घरी सोडायला माझं मन घेत नाही," हे वाक्य ऐकलंत की वेळ टाकून टिपून घ्या.

जिथे बोटं थांबली पाहिजेत

डॉक्टर बोलले नाहीत किंवा त्यांनी केलं नाही, ते लिहायचं नाही. ऐकायला सोपं आहे. पण सॉफ्टवेअरमध्ये एका क्लिकवर 'सर्व तपासणी नॉर्मल' असा तयार मजकूर पडतो, आणि गुडघ्याखाली पाय कापलेल्या माणसाच्या नोंदीत 'दोन्ही पावलांच्या नाड्या व्यवस्थित' असं छापून येतं. रुग्ण ते वाचतात बरं का! एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांमुळे रुग्णांना आपल्या नोंदी ऑनलाइन, लगेच आणि फुकट बघायला मिळतात. डावं-उजवं, वेळा, औषधाचा डोस, ॲलर्जी या चार ठिकाणी दर नोंदीत दुसऱ्यांदा नजर टाका.

औषधाची किंवा तपासणीची ऑर्डर डॉक्टरांची. गडबडीत कुणी म्हणालं, "जरा टायलेनॉल टाक ना," तर नम्रपणे सांगा की मला परवानगी नाही. नर्सने विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले?" तर डॉक्टरांनाच विचारायला सांगा.

एखादी मराठी आजी ईडीत येते, सोबत कुणी नसतं, आणि सगळे तुमच्याकडे बघतात. नमस्कार करा, पाणी हवंय का विचारा, आजीला धीर द्या. पण छातीत काय होतंय याचं दुभाषीपण तुम्ही करू नका. हॉस्पिटलकडे फोनवर किंवा व्हिडिओवर प्रशिक्षित दुभाषे असतात, मराठीचेही मिळतात. डॉक्टरांना त्याची आठवण करून द्या.

आणि गोपनीयता. १९९६ च्या हिपा कायद्याबद्दल ट्रेनिंगमध्ये भरपूर ऐकाल. आपल्या लोकांच्या बाबतीत तो कुठे आडवा येतो ते मी सांगते. न्यू जर्सीतल्या एडिसनसारख्या गावात मंडळातले एखादे काका रात्री दोनला तुमच्याच ईडीत येणार. दुसऱ्या दिवशी घरी फोन येणार, "काल अँब्युलन्स दिसली, तुझी मुलगी तिथेच असते ना?" उत्तर एकच: मला काही माहीत नाही. आईलाही हेच. तुमच्या डॉक्टरकडे न आलेल्या ओळखीच्या माणसाची फाइल नुसती उघडलीत तरी ती कुणी, कधी, किती वेळ उघडली याची नोंद राहते, आणि त्यावरून नोकरी जाते. मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'आज काय भारी केस आली' हेही नको. नाव न घालताही वय, गाव आणि तारीख यावरून माणूस ओळखता येतो.

डॉक्टरांबरोबर जमवून घेताना

प्रत्येक डॉक्टरची नोंदीची आवड वेगळी. कुणाला तीन ओळी पुरतात, कुणाला कादंबरी हवी. एक छोटी वही ठेवा, त्यात कुणाला काय आवडतं ते लिहा. रुग्णाविषयी एक अक्षर नको.

प्रश्न विचारायची वेळ साधा. खोलीबाहेर पडताना, रुग्णाच्या ऐकण्यात असताना नाही. तीन रुग्ण रांगेत असताना नाही. पहाटे चारनंतर गर्दी ओसरली की बहुतेक डॉक्टर बोलायच्या मूडमध्ये असतात. "डी-डायमर (रक्ताच्या गुठळीसाठीची तपासणी) का नाही पाठवलं?" असा नेमका प्रश्न विचारलात तर दहा मिनिटं शिकवतील. "मेड स्कूलसाठी काय टिप्स द्याल?" असं विचारलंत तर वेबसाइटवरचं उत्तर मिळेल.

रात्रपाळीनंतर गाडी चालवत घरी जाताना डुलकी लागते, हे गमतीवारी नेऊ नका. पालकांनो, शक्य असेल त्या दिवशी आणायला जा.

अर्जात काय लिहायचं

ॲमकासमध्ये कामं आणि उपक्रमांचे १५ रकाने, प्रत्येकाला ७०० अक्षरं. त्यातले तीन 'सर्वांत अर्थपूर्ण' म्हणून निवडता येतात, त्यांना आणखी १,३२५. वैयक्तिक निबंध ५,३०० अक्षरांचा. ७०० अक्षरांत 'मेडिकल टर्मिनॉलॉजी शिकलो, टीमवर्क कळलं' हे सगळेच लिहितात. त्याऐवजी एक निर्णय सांगा: माहिती अपुरी असताना डॉक्टरने काय केलं, का केलं, आणि ते बघून तुम्हाला काय प्रश्न पडला. रुग्ण ओळखू येईल असा तपशील काढून टाका.

स्क्राइबच्या अनुभवात एक उणीव आहे आणि ती ॲडमिशन कमिटीला ठाऊक असते: तुम्ही रुग्णाशी बोलत नाही, त्याला उठवत-बसवत नाही. काही जण त्याला पगारी शॅडोइंगच, म्हणजे डॉक्टरांच्या मागे नुसतं बघत फिरणंच, म्हणतात. मला ते थोडं अन्यायाचं वाटतं, पण वाद घालण्यापेक्षा जोडीला हाताने करायचं एक काम ठेवा. हॉस्पिसमध्ये आठवड्याला दोन तास बसणं, इएमटीचा कोर्स करून अँब्युलन्सवर जाणं, मेडिकल असिस्टंट होणं, यातलं काहीही. किती तास पुरेत, याला जादूचा आकडा नाही. माझ्या मते आठवड्याला दोन शिफ्ट असं एक वर्ष झालं की त्याच ईडीतलं शिकणं मंदावतं. त्यानंतर तास वाढवण्यापेक्षा विभाग बदला किंवा रुग्णाच्या जवळचं काम घ्या.

कॉम्प्युटरच लिहायला लागला तर?

लागलाच आहे. खोलीतलं संभाषण ऐकून नोंद तयार करणारी सॉफ्टवेअर्स, मायक्रोसॉफ्टने घेतलेल्या न्युआन्सचं डॅक्स, अब्रिज वगैरे, झपाट्याने पसरताहेत. २०२४ मध्ये कायझर पर्मनंटेने आपल्या ४० हॉस्पिटलांत आणि सहाशेहून जास्त दवाखान्यांत अब्रिज आणत असल्याचं जाहीर केलं. शांत खोलीत एकच रुग्ण असलेल्या दवाखान्यातल्या जागा आधी कमी होणार, हे उघड आहे. ईडीत रुग्ण कॉरिडॉरमध्ये, नातेवाईक तिघे बोलणारे, मध्येच फोन, निकाल तासाभराने. तिथे माणूस अजून उपयोगी पडतो. म्हणून नोकरी घेताना विचारा की इथे असं सॉफ्टवेअर येणार आहे का, आणि आल्यावर स्क्राइबचं काय. काही ठिकाणी यंत्राने लिहिलेली नोंद तपासायचं काम स्क्राइबला देतात. ते वाईट नाही. मात्र दिवसभर डॉक्टरांपासून दूर बसून मजकूर सुधारायचा असेल तर घेऊ नका.

सोडताना

शिफारसपत्र शेवटच्या दिवशी मागू नका. अर्जाच्या तीन-चार महिने आधी, ज्या डॉक्टरबरोबर सगळ्यात जास्त शिफ्ट झाल्या त्यांना समोरासमोर विचारा: "तुम्ही मला चांगलं पत्र देऊ शकाल का?" उत्तर देताना ते अडखळले तर आभार माना आणि दुसऱ्याकडे जा. हो म्हणाले तर तुमचा बायोडेटा, निबंधाचा मसुदा आणि पत्र पोहोचायची तारीख एकाच ईमेलमध्ये पाठवा. डीओ स्कूल्सना, म्हणजे एमडीला समांतर ऑस्टिओपॅथीची पदवी देणाऱ्यांना, अर्ज करणार असाल तर ईडीतल्या डीओ डॉक्टरांना विचारा, अनेक डीओ स्कूल्सना असं पत्र हवं असतं.

निघायच्या आधी, कंपनीचं लॉगिन चालू आहे तोवर, शिफ्टच्या तासांचा तक्ता आणि पगाराच्या स्लिपा घरी उतरवून ठेवा. अर्जात सुरुवातीची आणि शेवटची तारीख, एकूण तास आणि पडताळणीसाठी एका वरिष्ठाचं नाव, ईमेल किंवा फोन भरावा लागतो. तो वरिष्ठ तोवर नोकरी बदलून गेलेला असण्याची शक्यता बरीच, तेव्हा त्याचा ऑफिसबाहेरचा संपर्कही त्याला विचारून घेऊन ठेवा.